पेठेतल्या बागेची किल्ली कुणाकडे?

निवृत्त कॅशियर | सोमवार, रात्री ९:४०

मागच्या महिन्यात बागांच्या दुरवस्थेवरच्या धाग्यात मी 'आमच्या बागेचं सध्या बरं चाललंय' एवढंच लिहून गप्प बसले, तर पाचसहा जणांनी विपुत (माझ्या विचारपुशीत) येऊन 'कसं काय' म्हणून विचारलं. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा हा धागा. लांबणार आहे, आधीच सांगते.

बागेची एक किल्ली आमच्या फ्रिजशेजारी खिळ्याला असते. सगळी गोष्ट त्या किल्लीचीच आहे, पण तिथवर यायला आम्हाला दोन वर्षं लागली.

पुण्यातल्या आमच्या पेठेचं नाव देत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि महापालिकेच्या ज्या खात्याशी रोज काम पडतं त्याची धुणी इथे धुवायची नाहीत. बाग वीसेक गुंठ्यांची. एका अंगाला शाळेची भिंत, बाकी तीन बाजूंना वाडे पाडून उभ्या राहिलेल्या इमारती. मध्ये दगडी हौद, त्याला गुडघाभर उंचीचा कट्टा. एक चिंच, एक बूच, दोन पर्जन्यवृक्ष. म्हणजे तेव्हा दोन, आता एक. वाड्यातल्या दोन खोल्यांत आम्ही सात जण राहायचो, त्यामुळे माझा दहावीचा सगळा अभ्यास त्या कट्ट्यावर झाला. भूमितीची प्रमेयं आठवली की मला अजून बुचाच्या फुलांचा वास येतो.

पुढे बाग 'सुधारली'. निधी आला की काहीतरी बसायचं. एकदा कारंजं बसलं, ते दोन दिवाळ्या चाललं. एकदा तोंड वासलेले पेंग्विन आले, कचरा टाकायला. मग व्यायामाची लोखंडी यंत्रं. मग पेव्हर ब्लॉक, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, झाडांच्या बुंध्यांना गळ्यापाशी घट्ट बटण लावावं तसे. बसायला येणारी माणसं मात्र दरवेळी थोडी कमी व्हायची.

तीन वर्षांपूर्वी जुलैत पहाटे तीनला मोठा पर्जन्यवृक्ष आडवा झाला. आवाजाने अख्खी गल्ली जागी. सकाळी जाऊन पाहिलं तर मुळांचा गड्डा जेमतेम गाडीच्या चाकाएवढा, आणि त्याच्या कडेला पेव्हरचे तुकडे दातांसारखे चिकटलेले. दिवसा पडला असता तर शाळेच्या रिक्षा खाली उभ्या असतात. त्या दिवशी संध्याकाळी आमच्या पार्किंगमध्ये पहिल्यांदा तीसेक माणसं जमली.

पहिली चूक लगेच केली. पुढच्या ५ जूनला शंभर रोपं लावली. टोप्या घातल्या, फोटो काढले, एका पाहुण्यांनी भाषणही केलं. त्याच्या पुढच्या मे महिन्यात मी मोजली तेव्हा अकरा उरली होती.

मी सदतीस वर्षं काउंटरवर काढली, मला एकच गोष्ट येते, ती म्हणजे नोंद. म्हणून शाळेच्या पायरीवर चौदा दिवस वही घेऊन बसले. कोण येतं, किती वाजता, किती वेळ थांबतं. बागेची वेळ सकाळी सहा ते साडेदहा आणि दुपारी चार ते आठ. सकाळी फिरणारे, ते आत येतात, गोल फिरतात, जातात. संध्याकाळी लहान मुलं आणि त्यांच्या आज्या. पण माझी वही भरली ती दुपारी, बागेला कुलूप असताना. साडेबारा ते अडीच बागेच्या भिंतीला लागून रोज वीस-पंचवीस माणसं उभी असायची. भाजीवाल्या, कचरा वेचणाऱ्या दोघी, डबे-पार्सलं पोचवणारी पोरं, समोरच्या बांधकामावरचे मजूर. चिंचेची एक फांदी भिंतीबाहेर आलीय, तिच्या सावलीत. एक बाई उभ्याने भाकरी खात होती, डबा स्कूटरच्या सीटवर ठेवून. आत तीन झाडांची गार सावली, आणि गेटला कुलूप.

मे महिन्यातल्या दुपारी बाग बंद ठेवायची हे ठरवलं तरी कुणी? कुणीच नाही. पूर्वीपासून तसं आहे, बस.

बाकीचं उद्या लिहिते. डोळे दुखायला लागले.

सदाशिवी | सोमवार, रात्री १०:०५

खूण करून ठेवतो, उद्या वाचतो. तूर्त एक शंका. पेंग्विनांचं काय केलंत?

चिंचगुळाची आमटी | सोमवार, रात्री १०:३१

स्कूटरच्या सीटवरचा डबा! पुढचा भाग लवकर टाका हो.

हौदपुराण | मंगळवार, सकाळी ६:५०

ताई, हौदाचा फोटो टाकाल का? पाण्याच्या तोंडाचा, जवळून. आणि कट्ट्याच्या दगडांच्या सांध्यांचा.

निवृत्त कॅशियर | मंगळवार, दुपारी ३:१५

पेंग्विन तीन होते. दोन शाळेने मागून नेले, बालवाडीसाठी. एक अजून आहे, त्यात आता खुरपी ठेवतो.

हौदाचे फोटो दिलेत. आमच्याकडे सगळे तो पेशवेकालीन आहे असंच सांगतात.

तर पुढे. वही घेऊन आम्ही कार्यालयात गेलो. पाच चकरा झाल्या, एक फाईल सापडेना, एक साहेब बदलून गेले. ज्यांनी शेवटी ऐकून घेतलं त्या बाईंनी एकच प्रश्न विचारला: "दुपारी उघडं ठेवलं आणि काही झालं तर जबाबदार कोण?" प्रश्न रास्त होता. माळीमामांकडे अशा चार बागा. रखवालदार एकच, तोही रात्रीचा. उत्तर द्यायला आम्ही पंधरा दिवस घेतले.

उत्तर असं निघालं, की सात घरं आणि सात वार. ज्याचा वार त्याने साडेदहाला गेट बंद करायचं नाही. त्याच्या घरातल्या कुणीतरी साडेबारा, दोन आणि साडेतीनला एक फेरी मारायची. काही झालं तर आधी त्याला फोन, मग चौकीला. याचं दोन पानी पत्र झालं, त्यांची सही, आमच्या सात सह्या. करार वगैरे मोठा शब्द नको. पाणी, छाटणी, झाडलोट आणि पगार हे सगळं खात्याचं. किल्ली, फेरी आणि वही आमची. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बागेतच हौदावर बसून बोलायचं, माळीमामा असल्याशिवाय बोलणं सुरू करायचं नाही. ही शेवटची अट माझी. ती नसती तर बाकी सगळं फसलं असतं असं मला वाटतं.

कारण रोपं का मेली हे आम्हाला पहिल्याच सोमवारी मामांनी सांगितलं. खुरपं घेऊन आले, पेव्हरच्या कडेला मातीत खुपसलं. चार बोटं गेलं आणि खट्कन थांबलं. खाली विटांचे तुकडे, काँक्रीटचा चुरा, फरशीचे कपचे. "ताई, हा राडारोडाय. वर माती पसरलीय, श्रीखंडावर केशर पसरावं तशी." आणि झाडांच्या पाण्याचा नळ? तो पंपघराच्या आत, पंपघराला कुलूप, त्याची किल्ली ठेकेदाराच्या माणसाकडे, तो आठवड्यातून एकदा येणार. मामा शेजारच्या इमारतीतून पाइप ओढून पाणी देत होते, तिथल्या अध्यक्षांनी एप्रिलमध्ये बंद केलं. म्हणजे पुन्हा किल्लीच!

मिळकतकरग्रस्त | मंगळवार, दुपारी ४:०२

सगळं छान, पण मूळ मुद्द्याला बगल दिलीय. आम्ही मिळकतकर भरतो. वर बागेत फेऱ्याही आम्हीच मारायच्या? उद्या म्हणाल ड्रेनेजही साफ करा. लोकसहभाग हे गोंडस नाव आहे, प्रत्यक्षात जबाबदारी झटकणं. असल्या कौतुकांमुळे यंत्रणा आणखी सुस्त होते.

सदाशिवी | मंगळवार, दुपारी ४:१०

मिळकतकराला +१. बाकी फेरी मारल्याने साखर उतरते, तो फायदा धरा हिशोबात.

निवृत्त कॅशियर | मंगळवार, दुपारी ४:५५

मिळकतकरग्रस्त, तुमचं म्हणणं मला पटतं आणि म्हणूनच आम्ही झाडू हातात घेत नाही. मनापासून सांगते. पहिल्या वर्षी दर रविवारी श्रमदान करून बाग लख्ख झाडायचो. तिसऱ्या महिन्यात सफाईची बाई यायची बंद झाली. चौकशी केली तर कळलं, 'तिथे लोकच करतात' म्हणून तिला दुसरीकडे लावलं. आमच्या हौसेपायी तिची रोजची फेरी लांब झाली. त्यानंतर ठरवलं की ज्या कामाला पगारी माणूस आहे त्याला हात लावायचा नाही. ते काम होत नसेल तर वहीत तारीख टाकायची आणि पहिल्या सोमवारी वही पुढे ठेवायची. तक्रार अर्जापेक्षा वही बरी चालते, असा आमचा अनुभव.

पण दुपारचं गेट उघडं ठेवायला माणूस नेमतील तेव्हा नेमतील. तोवर ती बाई उभ्यानेच जेवणार.

मातीत हात | मंगळवार, सायंकाळी ६:२०

कृषी पदवीधर आहे, रोपवाटिका चालवतो, म्हणून तुमच्या एकोणनव्वद रोपांबद्दल चार शब्द.

राडारोडा हे एक कारण. दुसरं, पिशवीतली रोपं. पिशवीत वर्षभर राहिलेल्या रोपाची मुळं आत गोल गोल फिरतात. ती सोडवली नाहीत तर जमिनीत गेल्यावरही गोलच फिरतात, झाड स्वतःच्याच गळ्याला फास लावतं. तिसरं, रोज तांब्याभर पाणी. लोक प्रेमाने घालतात, पण त्याने वरची दोन बोटं माती भिजते, मुळं वरच राहतात आणि उन्हात वाळतात. आठवड्यातून दोनदा, पण बादलीभर, सावकाश. खड्डा दोन फूट बाय दोन फूट आणि तितकाच खोल, आतला राडारोडा बाहेर काढून. शंभर खड्डे असे कुणी खणत नाही. म्हणून शंभर लावूच नका, दहा लावा.

पडलेल्या झाडाबद्दल: मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. पेव्हरखाली सिमेंटचा थर असेल तर दोन्ही बंद. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांच्या प्रकरणात बुंध्याभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितलं होतं. आपल्याकडे ते पत्राला जोडा, उपयोग होतो. उरलेल्या पर्जन्यवृक्षाभोवतीचं काढलंत का?

एक विनंती, त्या पोकळीत हौसेने मातीचा ढीग करू नका. बुंध्यावर माती चढवली की साल कुजते.

मांडव ते मिरवणूक | मंगळवार, रात्री ११:४८

काकू, मी तुमच्याच पेठेतला. आयडीवरून ओळखला असेलच. पेव्हर कुणी काढले तेही लिहा की! परवानगीचं पत्र आलं त्या रविवारी मंडळाची चाळीस पोरं होती. टिकाव आमचे, टेम्पो आमचा. काढलेले ब्लॉक शाळेच्या मागच्या चिखलात नेऊन बसवले, तेही आम्हीच.

आता स्वतःहूनच कबूल करतो. हौदामागे बारा महिने पडलेले वासे आणि पत्रे आमचे होते. काकूंनी वहीत लिहिलं होतं, 'वासे, दिवस १ ते १४, जागचे हलले नाहीत'. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. लय लाज वाटली. आता गोडाऊन भाड्याने घेतलंय.

पण एक सांगतो, पेठेत मंडळाला बाजूला ठेवून काही होत नाही. तुम्ही लोक आधी आमच्याविरुद्ध अर्ज करता आणि मग झाड पडलं की रात्री तीनला फोनही आम्हालाच करता.

निवृत्त कॅशियर | बुधवार, सकाळी ७:३०

ओळखला! आणि खरंय, पहिल्या तीस जणांत मंडळाला बोलवायचंच नाही असं आमच्यातल्या काहींचं म्हणणं होतं. मीही गप्प बसले होते. तेव्हाच बोलवलं असतं तर एक वर्ष वाचलं असतं.

मातीत हात, एक मीटर मोकळं केलंय, तिन्ही झाडांभोवती नाही, दोनच. चिंचेखाली वायर निघाली, ते काम अडलंय. माती चढवली नाही, मामांनी तेच सांगितलं होतं. वाळकी पानं पूर्वी कोपऱ्यात पेटवायचे, आता कोंबडीच्या जाळीचा चार फुटी गोल करून त्यात टाकतो, अधूनमधून शेणकाला. आठ महिन्यांनी खालून काळं भुसभुशीत निघालं. पहिलं घमेलं सगळ्यांनी हुंगलं, लग्नातलं अत्तर हुंगावं तसं!

हौदपुराण | बुधवार, सकाळी ९:१२

फोटो बारकाईने पाहिले. निराश करतो, माफ करा. हौद पेशवेकालीन नाही.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्याला, कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं ते दगड-चुन्याच्या भुयारी नळातून. माणूस आत उतरून चालत जाईल एवढा तो नळ. वाटेत हवा खेळती राहायला आणि आत उतरायला उच्छ्वास ठेवलेले. पाणी यायचं निव्वळ उतारावर, पंप नाही की काही नाही, आणि ते हौदांत पडायचं. काळा हौद, फडके हौद ही नावं त्यातलीच, आता बहुतेकांना ती चौकाची म्हणूनच माहीत. तुमच्या हौदाला पाण्याच्या तोंडाशी बीडाचा पाइप आहे, त्याला बोल्टची चकती आहे. ही ब्रिटिश काळातल्या दाबाच्या नळयोजनेची खूण. खडकवासल्याचं धरण १८७९ सालचं, त्यानंतर शहरात असे नळ पसरले. दगडाचे सांधेही चुन्याचे कमी आणि नंतर भरलेल्या सिमेंटचे जास्त दिसतात.

पण पेशवेकालीन नसला म्हणजे टाकाऊ होत नाही. फरासखान्याजवळचा बाहुलीचा हौदही पेशव्यांचा नाही. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी तो आपल्या लाडक्या लेकीच्या आठवणीत बांधला आणि सर्व जातींना खुला ठेवला. ज्या काळात पाण्यावर पहारे होते त्या काळात. आज त्याच्या अंगावरून रोज हजारो लोक जातात.

तुमच्या हौदाला दोनच गोष्टी करू नका. रंग लावू नका आणि सांध्यांत आणखी सिमेंट भरू नका. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट आत कोंडतं आणि दगडाचा पापुद्रा सुटतो.

सदाशिवी | बुधवार, सकाळी ९:३०

पुण्यात बाग म्हणजे नावातच. तुळशीबागेत तुळस शोधा, रमणबागेत शाळा, विश्रामबागेत वाडा, हिराबागेत रहदारी. सारसबागेत तेवढी बाग आहे, तर ती मुळात तळं होती! तळ्यातला गणपती उगाच म्हणत नाहीत. तर या परंपरेला अनुसरून तुमच्या बागेत अजून झाडं आहेत हाच अपवाद.

ओसाडवाडीचे आजोबा | बुधवार, सकाळी १०:४५

१९५६ साली पेशवे पार्कात फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी सुरू झाली तेव्हा मी पाच वर्षांचा. वडिलांच्या खांद्यावर बसून रांगेत उभा होतो. मुलांना बागेत ओढायचं तर असं काहीतरी आकर्षण पाहिजे. नुसत्या झाडांना मुलं येत नाहीत.

चिंचगुळाची आमटी | बुधवार, सकाळी ११:०३

आजोबा, माझी मुलगी पाच वर्षांची आहे, तिला चिंच पाडायला मिळाली तर ती फुलराणीकडे बघणारही नाही. कॅशियरताई, चिंचा पाडायला परवानगी आहे का? :)

निवृत्त कॅशियर | बुधवार, सकाळी ११:४०

पडलेल्या वेचायला आहे. दगड मारायला नाही, शाळेच्या काचा आहेत.

हौदपुराण, तुमचे आभार, आणि पंचाईतही केलीत! 'पेशवेकालीन' पाटीचे पैसे जमवून ठेवलेत एकांनी. ऑइलपेंटचा प्रस्ताव मात्र खरंच आला होता. पिवळा, वर लाल पट्टा.

पश्चिमेकडून | बुधवार, रात्री ८:१५

गेली अठरा वर्षं अमेरिकेत आहे. इथे हे सगळं व्यवस्थित बसवलेलं असतं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचीसुद्धा सत्तरच्या दशकात वाट लागली होती. १९८० मध्ये नागरिकांची एक ना-नफा संस्था उभी राहिली, आता तीच शहराशी करार करून बाग सांभाळते, देणग्याही तीच जमवते. तुम्हीही रीतसर संस्था नोंदवा, कंपन्यांकडून निधी घ्या. फ्रिजशेजारचा खिळा किती दिवस पुरणार?

सदाशिवी | बुधवार, रात्री ८:२२

आमच्या बागेभोवती अब्जाधीश राहत नाहीत हो, एक चष्म्याचं दुकान आणि दोन डेअऱ्या आहेत. (हलके घ्या.)

कागद आधी | बुधवार, रात्री ९:५०

उदाहरणासाठी न्यूयॉर्कला कशाला जायचं? एम्प्रेस गार्डन शंभराहून जास्त वर्षं अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी चालवते, जानेवारीतलं पुष्पप्रदर्शन तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. वारज्याच्या टेकडीवरची वनखात्याची उजाड जमीन २०१५ पासून संस्था आणि लोकांनी मिळून हिरवी केली, केंद्राने जून २०२० मध्ये नगर वन योजना जाहीर केली तेव्हा दाखला वारज्याचाच दिला होता. मात्र ही मोठी कामं. वीस गुंठ्यांना संस्था, लेखापरीक्षण, अध्यक्षपदाची भांडणं... ताईंचं दोन पानी पत्र मला जास्त शहाणपणाचं वाटतं. कंपनीचा निधी आला की आधी कंपनीची पाटी येते, आणि ती रोपांपेक्षा उंच असते.

कागदांबद्दल मात्र तीन सूचना. एक, सिटी सर्व्हेतून बागेच्या जागेचं मालमत्ता पत्रक काढून ठेवा आणि विकास आराखड्यात ती जागा उद्यान म्हणूनच दाखवलीय ना, ते पाहा. पेठेतली मोकळी जागा आहे, कुणाच्या डोळ्यांत कधी भरेल सांगता येत नाही. माहिती अधिकारात विचारायला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दोन, झाडांची यादी करा. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याला २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड आता हेरिटेज वृक्ष धरलं जातं आणि ते तोडणं बरंच अवघड झालंय. पण वय सिद्ध करायला पुरावा हवा. तुम्ही दहावीला असताना हौदावर काढलेला एखादा फोटो असेल आणि मागे बूच दिसत असेल, तर तो फोटो सोन्यासारखा जपा. तीन, पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांनी सुचवलेली छोटी कामं अंदाजपत्रकात घ्यायची सोय आहे. त्यात कारंजं मागू नका, पंपघराबाहेर एक नळ मागा.

निवृत्त कॅशियर | बुधवार, रात्री १०:२०

फोटो आहे! १९७७ चा. बूच दिसतोय, माझ्या वेणीइतकाच बारीक. उद्याच स्कॅन करून घेते.

आणि पश्चिमेकडून, खिळा मजबूत आहे.

रात्रपाळी | गुरुवार, पहाटे २:३५

इथे पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. पार्सल पोचवतो. त्या भिंतीपाशी जे उभे असायचे त्यात मी होतो. मागच्या उन्हाळ्यात एक दिवस गेट उघडं दिसलं तर आत जायला भीती वाटली. वाटलं कुणीतरी हाकलेल. एक म्हातारे काका होते, म्हणाले "बस की". तेव्हापासून रोज दीड ते दोन चिंचेखाली असतो. गाडी बाहेर लावतो, मोबाइल चार्ज होत नाही तेवढं सोडलं तर मस्त.

दोन गोष्टी बोलू का? प्यायच्या पाण्याचा नळ आहे पण त्याची तोटी वरच्या बाजूला आहे, बाटली तिरकी धरावी लागते आणि अर्धं पाणी सांडतं. आणि बायकांसाठी संडास नाही. आमच्याबरोबर काम करणाऱ्या ताई बागेत येतात, पण पाणी पीत नाहीत. का ते कळलं असेलच.

मांडव ते मिरवणूक | गुरुवार, सकाळी ८:४०

तोटीचं आजच बघतो.

चिंचगुळाची आमटी | गुरुवार, सकाळी ९:०५

रात्रपाळी, लिहीत राहा. संडासाबद्दल शंभर टक्के. बागा 'महिलांसाठी सुरक्षित' करायच्या म्हणून कॅमेरे लावतात आणि संडासाला कुलूप घालतात. मी मुलीला घेऊन जाते तेव्हा तासाभरात परत फिरावं लागतं.

पहिल्या मजल्यावरचा | गुरुवार, सकाळी १०:१५

मी बागेला लागूनच राहतो. धाग्यात सगळं गोडगोड चाललंय म्हणून नाण्याची दुसरी बाजू. दुपारी उघडी ठेवल्यापासून माझी वामकुक्षी गेली. मोबाइलवर व्हिडिओ मोठ्या आवाजात, मोठ्याने हसणं. कोपऱ्यातल्या बाकावर जोडपी. तक्रार केली तर 'काका, बाग सगळ्यांची आहे' असं ऐकवतात. आम्ही इथे चाळीस वर्षं राहतोय.

सदाशिवी | गुरुवार, सकाळी १०:२०

दुपारी एक ते चार. कुणीतरी म्हणणारच होतं.

निवृत्त कॅशियर | गुरुवार, दुपारी १२:५०

सदाशिवी, चेष्टा नको, त्यांचा त्रास खरा आहे. मी स्वतः त्यांच्या गॅलरीत बसून ऐकलंय. आवाजाचं आम्ही गेटवर खडूने लिहिलं, 'गाणी कानात ऐका'. निम्मे ऐकतात. जोडप्यांबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे आणि ते मी मीटिंगमध्येही बोलले. शेजारी बसून बोलणारी दोन माणसं हा वहीत लिहायचा प्रकार नाही. कुठे बसायचं त्यांनी, तुमच्या-आमच्या दोन खोल्यांत?

संडासाचं उत्तर माझ्याकडे नाही. तीन महिने वहीत आहे, दर पहिल्या सोमवारी वाचते. शाळा दुपारच्या सुट्टीत त्यांचा उघडायला तयार होती, मग त्यांच्याकडे स्वच्छतेवरून वाद झाला आणि बंद झालं. रात्रपाळी, येत्या पहिल्या सोमवारी तुम्ही आणि त्या ताई याल का? माझ्यापेक्षा तुमच्या तोंडून ऐकलेलं बरं. संध्याकाळी सहा, हौदावर.

हौदपुराण | गुरुवार, दुपारी २:३०

त्या हौदात आता काय आहे? फोटोत तळ दिसत नाही.

निवृत्त कॅशियर | गुरुवार, दुपारी ३:४०

गाळ, नारळाची करवंटी, तीन चेंडू आणि एक गणपतीची लहान मूर्ती. मूर्ती काढून नीट विसर्जन करू.

तेच लिहायला आले होते. मामांचं म्हणणं, पावसाआधी हौद मोकळा करू, शाळेच्या छपराचं पाणी पन्हळीतून त्यात सोडू. मी हिशोब घातला. वीस गुंठे म्हणजे ढोबळ दोन हजार चौरस मीटर, पुण्याचा वर्षाचा पाऊस साधारण सातशे मिलिमीटर. म्हणजे नुसत्या बागेवरच चौदा लाख लिटर पाणी पडतं, दहा हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर एकशे चाळीस टँकर. आणि आम्ही मे महिन्यात शेजाऱ्याच्या नळाच्या पाया पडतोय! सगळं साठणार नाही हे कळतं, हौदात फार तर दोन टँकर मावतील, बाकीचं जमिनीत मुरलं तरी खूप. डासांसाठी गप्पी मासे मिळणार आहेत आणि वरून जाळी बसवणार. बीडाच्या पाइपला हात लावणार नाही, हौदपुराणांची शपथ.

गाळ काढणं हे कुणाच्याच पगारातलं काम नाही, विचारून घेतलंय, म्हणून हे आपण करायचं. शनिवारी सकाळी साडेसहा. फावडी आणि टिकाव मंडळाचे आहेत. घमेली पाच आहेत, वीस लागतील. येताना घमेलं आणा.

मिळकतकरग्रस्त | गुरुवार, सायंकाळी ५:१०

येतो. पण वहीत माझं नाव 'निषेध नोंदवून हजर' असं लिहा.

सदाशिवी | गुरुवार, सायंकाळी ५:१८

घमेलं लोखंडी की प्लॅस्टिकचं? आणि परत मिळणार ना? मागच्या वेळी सत्यनारायणाला दिलेलं पातेलं अजून फिरतंय.

निवृत्त कॅशियर | गुरुवार, सायंकाळी ५:२५

लोखंडी. बुडावर रंगाने नाव घालून आणा, वहीत आवक-जावक लिहिते.